शेवंतीनं बांग दिली

आमच्या घरात एरवी कोणाचं कोणी ऐकत नव्हतं. पण त्या सकाळी सरूआत्या अंगणातून अशी काही ओरडली, की बा दुधाची चरवी हातात घेऊनच गोठ्यातून धावत आला, माय जात्यावरून पिठाच्या हातानं उठली आणि मी गोधडी फेकून दोन उड्यांत अंगणात. "आरवली वं माय! कोंबडी आरवली! भरल्या घरात कोंबडी आरवली!" आत्या एक हात छातीवर ठेवून दुसऱ्या हातानं खुराड्याकडं बोट दाखवत होती. खुराड्याच्या माथ्यावर माझी शेवंती उभी होती. शेवंती म्हणजे चिमणीएवढी असल्यापासून मी वाढवलेली माझी तलंग, अजून अंड्यावरही न आलेली. तिनं आमच्या सगळ्यांकडं एकदा वाकडी मान करून पाहिलं, डोळे मिटले, गळा ताणला आणि आत्याचा शब्द खरा करून दाखवला. "कुकूच्ऽऽ कूऽऽ" इथवर झकास, आणि शेवटाला उचकी लागावी तसं "घक्".

आता माझा नातू विचारतो, आजी, आरवली तर आरवली, त्यात एवढं काय? त्याच्या मोबाइलमध्ये रोज सकाळी एक कोंबडा बोंबलतो, आणि हा पठ्ठ्या बोटानं त्याचं तोंड दाबून पुन्हा झोपतो. त्याला काय सांगू! आमच्याकडं कोंबड्यानं बांग दिली तर दिवस उगवतो, आणि कोंबडीनं दिली तर घरावर काहीतरी येतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यावर उपायही ठरलेला. आरवलेली कोंबडी त्याच दिवशी शिवेबाहेर नेऊन कापायची, घरच्यांनी तोंडालाही लावायची नाही. आणि आमच्या घरात असल्या गोष्टींचा कायदा म्हणजे सरूआत्या. बाची थोरली बहीण, नवऱ्यामागं आमच्याकडंच राहायला आलेली, आवाज असा की तिनं अंगणात हाक मारली तर वेशीवरचा माणूस मागं वळून पाहायचा. बोलायची फाडफाड, रांधायची अप्रतिम, आणि अपशकुनाच्या बाबतीत देवालाही सोडायची नाही.

"अरे, इळा आन. आत्ताच्या आत्ता." आत्यानं बाला फर्मावलं. मी काय केलं असेल? शेवंतीला छातीशी धरलं आणि सरळ कडब्याच्या गंजीवर चढून बसले. "माह्या शेवंतीले कोणी हात लावला त पाहाजा! मी बी शिवेबाहीर जातो मंग, मले बी कापा!" खाली आत्या, वर मी, मधे बा चरवी सांभाळत. शेजारची सखूमामी कुडावरून मान काढून, "काय झालं वं, कोण मेलं?" अशी चौकशी करायला लागली. या सगळ्या गोंधळात आवाज न चढवता बोलली ती फक्त माय. ती गंजीपाशी आली, म्हणाली, "गोदे, तिचा पाय खाली कर बरं." मी घाबरत घाबरत शेवंतीचा एक पाय खाली सोडला. मायनं पिठाच्या बोटांनी तो चाचपला, मग दुसरा चाचपला, आणि तिच्या तोंडावर हसू फुटलं. "काटा फुटून राह्यला हो इच्या पायाले. हे कायची कोंबडी! हा त कोंबडा होय."

मग बा असा हसला, असा हसला, की चरवीतलं निम्मं दूध अंगणात. सखूमामी कुडापलीकडं हसून हसून खाली बसली, नुसता आवाज येत होता. चूक एकट्या माझी नव्हती बरं का. शेवंतीला तुरा म्हणजे नावाला हरभऱ्याएवढा, शेपटीला झुपका नाही, रंग मळकट मातकट. कोण म्हणेल कोंबडा? साऱ्या आळीनं तिला तलंगच मानलं होतं, सखूमामीनं तर तिचं पहिलं अंडं आपल्या नातवाला मागून ठेवलं होतं. मी गंजीवरून घसरत खाली आले, माझा आनंद पोटात मावेना. वाचली! म्हणजे वाचला! मी शेवंतीचा, म्हणजे त्याचा, मुकाच घेतला.

पण आत्या ती आत्या. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, श्वास घेतला, आणि एकदम तिच्या डोळ्यांत चमक आली. "कोंबडा होय? मंग त लयच बेस झालं! पोळ्याच्या करीले जवाई येऊन राह्यले. मी इतके दिस चिंतेत होतो, का घरचा कोंबडा आनू कुठून. देवानंच धाडला." कोंबडी म्हणून सकाळी कापायला निघाली होती, दोन घटका नाहीत झाल्या तर आता कोंबडा म्हणून कापायला निघाली. मी पुन्हा गंजीवर चढायचीच बाकी होते.

आमचं गाव आसेगावच्या अलीकडं, मोठ्या वाटेवरून दिसायचंही नाही एवढं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कोंबड्यांची मर आली आणि घराघरांतली खुराडी रिकामी झाली. सकाळी पाहावं तर कोंबड्या मान टाकून पडलेल्या. मर येतेय असं दिसल्यावर लोकांनी काय केलं, आधी कोंबडे कापून खाल्ले. मरून वाया जाण्यापेक्षा पोटात गेलेले बरे, आणि कोंबड्या तेवढ्या अंड्यांच्या आशेनं राखल्या. मर गेल्यावर कोणाकडं एक, कोणाकडं दोन कोंबड्या उरल्या, पण गावात औषधाला कोंबडा राहिला नाही. अंडी मिळायची, पण उबवायला ठेवली की सडायची, कारण कोंबड्यावाचून अंड्यात जीव धरत नाही. आमची कवडी नावाची म्हातारी कोंबडी तेव्हा शेतातल्या खोपीत अंड्यांवर बसली होती म्हणून वाचली. ती पिल्लं घेऊन घरी आली. घारीनं, मांजरानं न्यायची ती नेली, आणि दोन तलंगा नि शेवंती एवढी माझ्या वाट्याला राहिली. या तिघींना मी काय खाऊ घातलं नाही! ज्वारीच्या कण्या तर होत्याच, पण शेताच्या बांधावर मडकं पालथं घालून, त्यात ओलं शेण नि तुराट्या भरून, दुसऱ्या दिवशी त्यात जमलेली उधई मी परकराच्या ओच्यात आणायची. उधई म्हणजे वाळवी. ती टाकली की तिघी अशा तुटून पडायच्या! निम्मी उधई माझ्या अंगावर चढायची, माय ओरडायची, पण मला त्याची पर्वा नव्हती.

तर त्या बांगेनं गाव जागं झालं, अगदी खरोखर. इतक्या महिन्यांनी गावात कोंबडा आरवला होता! दुपारपर्यंत आमच्या अंगणात बाया जमल्या. कोणी काखेत कोंबडी घेऊन आली, कोणी पदराखाली. "गोदे, माही काळी दोन दिस राहू दे वं तुह्या खुराड्यात." "गोदे, माह्या कोंबडीले बी पाव्हणी घे." जी सखूमामी मला एरवी 'पोट्टी' म्हणून हाकलायची, ती मला गुळाचा खडा देऊन बसवून बोलायला लागली. पाटलाच्या घरची बाई आली आणि बसायला जागा नाही म्हणून उभी राहिली, ही गोष्ट मी अजून सांगते. बानं त्याचं नाव शेवंतराव ठेवलं. बाहेरून आला की आधी विचारायचा, "शेवंतरावांची तब्येत कशी हाय?" आणि शेवंतराव खुराड्यावर चढून, छाती काढून, शेवटी घक् करून उत्तर द्यायचे. त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते. मी गावातल्या एकुलत्या एका कोंबड्याची मालकीण होते.

पण घरात रोज भांडण. जवाई म्हणजे माझ्या अक्काचा नवरा. अक्काचं लग्न उन्हाळ्यात मानोऱ्याकडच्या एका गावात झालं होतं, आणि जावयाचा हा पहिला पोळा. पोळ्याला पुरणपोळी, आणि दुसऱ्या दिवशी कर. करीला सामिष जेवण. बोकडाचे वाटे गावात पडायचेच, पण पहिल्या करीला जावयाच्या ताटात घरचा कोंबडा हवा, विकतचं मटण नाही. हा मान होता. आत्या म्हणायची, "पयल्या करीले घरचा कोंबडा नाई पडला त लोकं आमच्या तोंडात शेण घालतीन. आन पोरीले तिकडं जन्मभर ऐकाले लागन." सखूमामी कुडावरून म्हणायची, "आन हा कापला त गावाच्या कोंबड्याईनं काय करावं? पिल्लं आभायातून पडतीन काय?" आत्या म्हणायची, "तुह्या कोंबडीसाठी माहा जवाई उपाशी उठवू काय वं?" माय बाच्या तोंडाकडं पाहायची, बा म्हणायचा, "पाहू." आमच्या बाचा हा 'पाहू' मोठा वाईट. तो म्हणजे होही नाही, नाहीही नाही, आणि शेवटी आत्या म्हणेल तसं.

अक्का पोळ्याच्या आधी माहेरी आली, जवाई पोळ्याच्या दिवशी यायचे होते. अक्का आली आणि घर कसं भरून गेलं! माझ्या केसांतल्या उवा काढण्यापासून बैलांच्या झुली शिवण्यापर्यंत सगळी कामं तिनं दिवसभरात हातात घेतली. पण मी पाहिलं, मधेच ती गप्प व्हायची. पुरणाची डाळ निवडताना मी तिला शेवंतरावाची सगळी कथा सांगितली, आत्याची नक्कल करून दाखवली, ती हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "गोदे, माही सासू वाईट नाई. पण तिनं निंघताना सांगतलं, पाहू तुह्या माहेरचे लोकं माह्या पोराले करीले काय वाढतेत. मी गेली का पयले हेच इचारन. एका कोंबड्यापायी मले तिकडं मान खाली घालाले लावशीन काय?"

मी डाळ तशीच टाकून उठले आणि खुराड्यापाशी जाऊन बसले. राग कोणाचा करावा तेच कळेना. अक्काचा करवत नव्हता, सासूला पाहिलं नव्हतं, आणि शेवंतराव बिचारा माझ्या पायाची बोटं कण्या समजून टोचत होता. अक्का मला आईसारखीच होती. माझा ताप तिनं उतरवलेला, माझी पाटी तिनं पुसलेली. मी तिथूनच मोठ्यानं ओरडले, "बरं हाय! कापा! खा! सगळेजनं खा! मी मातर जेवनार नाई!" आत्या म्हणाली, "शहाणी माही बाई." मला इतका संताप आला की मी तिच्या हातची पुरणपोळीही दुसऱ्या दिवशी तूप न घेता खाल्ली. आमच्याकडं याहून मोठा निषेध नव्हता.

पोळा मात्र झाला तो झालाच. बैलांची शिंगं रंगवली, पळसाच्या डहाळ्या दारात लागल्या, ढोल वाजले, आणि जवाई आले. उंच, किडकिडीत, नवं धोतर चिखलानं पार माखलेलं, आणि बोलायला इतके लाजाळू की आत्यानं चार प्रश्न विचारले तर एकाला उत्तर. मी त्यांच्याशी बोललेच नाही. माझा कोंबडा खायला आलेला माणूस!

करीच्या सकाळी अंगणात सगळे जमले. आमच्याकडं रीत अशी, की कोंबडा आधी जावयाच्या हातात द्यायचा. जावयानं तो तोलून पाहायचा, "बेस हाय" म्हणायचं, मग पुढचं. शेवंतराव माझ्याशिवाय कोणाच्या हाती लागत नव्हता, म्हणून मलाच आणावा लागला. आणला. त्याचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं. जावयापुढं गेले, तोंड दुसरीकडं केलं आणि म्हणाले, "घ्या." त्यांनी घेतला. चांगला धरला, हे मी तिरक्या डोळ्यानं पाहिलं. पायाखाली हात, पंखांवर दुसरा हात, जसा धरायला पाहिजे तसा. आत्या "म्हना, बेस हाय म्हना" म्हणून घाई करत होती. तेवढ्यात शेवंतरावानं त्यांच्या हातातच गळा ताणला आणि बांग दिली. पूर्ण, घक् सकट.

जवाई दचकले नाहीत. ते त्याच्याकडं पाहतच राहिले. मग बाच्या दिशेनं वळून म्हणाले, "मामाजी, एक मांगू काय?" सगळ्यांचे कान टवकारले. जावयानं पहिल्या करीला काही मागणं म्हणजे घोरच. बाचा चेहरा उतरला. जवाई म्हणाले, "हा मले जित्ता द्या जी. आमच्या गावात बी मर येऊन गेली. मायच्या साऱ्या कोंबड्या गेल्या. दोन राह्यल्या, पन त्याईचे अंडे सडतेत. माय सकाळी उठून नुसती खुराड्याकडं पाहात बसते. गावात आवाजच नाई राह्यला जी." एवढं बोलणं त्यांनी आल्यापासून केलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांचे कान लाल झाले.

बा "घेऊन जा, घेऊन जा" म्हणणारच होता. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं, आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. "वा रे वा!" मी कमरेवर हात ठेवून पुढं झाले. "आत्या कापाले निंघाली, तुमी पळवाले निंघाले! माह्या कोंबड्यानं जावं तरी कुठं?" माय म्हणाली, "गोदे!" आत्या म्हणाली, "जीभ आवर वं कार्टे!" पण जवाई हसले. पहिल्यांदाच हसले, मोठ्यानं. म्हणाले, "मंग साळीबाई, तुमीच करा फैसला."

आता फैसला करायचा म्हणजे काय करायचं? सगळे माझ्याकडं पाहत होते. कुडावरून सखूमामी, ओट्यावरून माय, दाराआडून अक्का. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि खुराड्याच्या कोपऱ्यात कवडी दिसली. पंख फुगवून, कोणी जवळ गेलं की गुरगुरत, हलायचं नाव नाही. खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसायच्या धुनकीत होती. मायनं अंडी भुस्स्यात जपून ठेवलीच होती तिच्यासाठी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "कोंबडा कायले नेता? त्याचे अंडे न्या! कवडी खुडूक हाय, तिले बी न्या. बटईनं न्या!" बटई म्हणजे काय, तर कोंबडी माझी, पोसणं तुमचं, पिल्लं निम्मी निम्मी, आणि वाटणीच्या वेळी पहिली निवड कोंबडीच्या धन्याची. शेळीचं, कोंबडीचं आमच्याकडं असंच चालायचं, नात्यातही. मी बोटं नाचवत बजावलं, "निम्मे पिल्लं माहे. निवड पयली माही. आन शेवंतराव हालनार नाई इथून!"

"बापा बापा!" बा म्हणाला. "जवायाशी बटई करून राह्यली पोट्टी!" जवाई मात्र गंभीर होऊन म्हणाले, "कबूल." आणि त्यांनी शेवंतराव माझ्या हातात परत दिला. तो क्षण आठवला की आजही माझ्या हातांना त्याच्या पिसांची ऊब लागते. मी त्याला घेऊन अंगणभर नाचले. सखूमामीनं कुडापलीकडून शिट्टीसारखा काहीतरी आवाज काढला, बाईमाणूस असून!

"आन आता ताटात काय वाढू? माहं कपाळ?" आत्या मधोमध उभी राहून विचारत होती. रडकुंडीला आली होती बिचारी. तिच्या साऱ्या आयुष्यात पहिल्या करीला असं झालं नव्हतं. जवाई म्हणाले, "आत्याबाई, पाटोड्या कराल काय? कोंबड्याचा मसाला घालून." आत्यानं डोळे पुसले. पाटोडीचा रस्सा म्हणजे तिचा हातखंडा. पण दाराआडून अक्काचा बारीक आवाज आला, "आन घरी मामीनं इचारलं त?" सासूला ती मामी म्हणायची. जवाई तिच्याकडं न पाहता, बाला सांगतो असं दाखवून म्हणाले, "मायले मी सांगन. म्हनन, त्याईनं कोंबडा नाई वाढला, कोंबड्याची सारी पिढी बांधून देली." मी दारातून डोकावून पाहिलं, अक्का पदरात तोंड लपवून हसत होती. माझ्या लेखी जावयाचे सगळे गुन्हे तिथंच माफ झाले.

त्या दिवशीचा पाटोडीचा रस्सा! खोबरं, कांदा चुलीत भाजलेला, खसखस, आणि आत्यानं हात सैल सोडून घातलेलं तिखट. बेसनाच्या वड्या अशा मऊ की रस्स्यात पडल्या की फुगायच्या. जवाई घाम पुसत, नाक ओढत, भाकरीवर भाकर खात होते, आणि शेवंतराव पंगतीमधून हिंडत पडलेलं शीत वेचत होता. आत्या प्रत्येकाला विचारत होती, "कोंबड्यावानी लागते का नाई?" बा म्हणाला, "कोंबड्याले इचार, तो बी खाऊन राह्यला." मी त्या दिवशी किती जेवले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. जेवणार नाही म्हणाले होते ना, ते सगळे सोयीस्कर विसरले.

दुसऱ्या दिवशी गाडीत अंडी भुस्स्याच्या टोपलीत अक्काच्या मांडीवर आणि कवडी डालीखाली जावयाच्या पायांशी, अशी वरात मानोऱ्याकडं निघाली. मी शिवेपर्यंत गाडीमागं धावत सूचना देत होते: पाणी समोर ठेवा, उधई द्या, मांजरापासून सांभाळा. अक्का म्हणत होती, "हो वं माय, हो!"

शिमगा जवळ आला, पळस फुलले, तेव्हा बा मला वाटणीसाठी अक्काच्या गावी घेऊन गेला. निघताना मी साऱ्या आळीत सांगून ठेवलं होतं की मी दुसरा कोंबडा आणणार. सखूमामीला तर शब्दच दिला होता. अक्काच्या घरी पोचलो तर काय, अंगणभर कोंबड्या! मर्तिक झालेलं ते अंगण कसं नांदतं झालं होतं. सगळ्या तलंगा, आणि कोंबडा एकच. पण काय कोंबडा! लाल, तुरेबाज, बापासारखा बावळट मुळीच नाही. सासूबाईनं माझ्या हातावर साखर ठेवली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "हेच काय वं, बटईवाली?" मी छाती पुढं काढली.

सकाळी उजाडता उजाडता मला जाग आली ती त्याच्या बांगेनं. "कुकूच्ऽऽ कूऽऽ," आणि शेवटी, "घक्." मला वाटलं मी आमच्याच घरी आहे. रूप कुठलं का असेना, उचकी बापाची! मी हसत उठून बसले, तर शेजारी अक्का डोळे मिटून पडलेली, पण जागी. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "आयकलं?" मी म्हणाले, "त्याच्यावानीच!" अक्का म्हणाली, "रोज या आवाजानं उठतो. पन लगेच डोळे नाई उघडत. असं वाटते, आता आत्या अंगनातून ओरडन, बाची चरवी वाजन. तसंच पडून राहातो थोडा वेळ. मंग उघडतो." आणि ती उठली, केस बांधले, चुलीकडं गेली. मी तिथंच बसून राहिले. माझी अक्का इतके दिवस अशी रोज माहेरी जाऊन येत होती, आणि हे कोणाला माहीत नव्हतं.

वाटणीला सगळे अंगणात जमले. सासूबाई म्हणाली, "घे बाई, निवड पयली तुही. कोंबडाच नेशीन तू, मले माहीत हाय." मी पुढं झाले आणि त्या लालबुंद कोंबड्यावर झडप घातली. सापडला. वजनदार, गरम. ओट्यावर अक्का सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. ज्वारी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती पाखडतच होती, मान वर न करता. मी कोंबडा उचलून धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला, आणि खाली सोडून दिला. "नोको मले हा. ह्या दोन तलंगा द्या, आन थे मायवानी कवडी रंगाची. माही कवडी त माहीच हाय."

"काहून वं?" बाला कळेना. "मंग सखूमामीले काय सांगशीन?"

"सांगन, सगळ्या कोंबड्याच निंघाल्या म्हून."

सुपाचा आवाज थांबला. अक्का ओट्यावरून उतरली, तशीच भुस्स्याच्या हातांनी माझ्याकडं आली आणि साऱ्या सासरच्या माणसांपुढं तिनं मला उचलून घेतलं, मी एवढी घोडी झालेली असताना. जवाई मागं उभे राहून आपल्या लाल कानांनी हसत होते. मला इतकं छान वाटत होतं की मी गाडीत बसल्यावरही आमच्या बैलांना गाणं म्हणत हाकत आणलं. बा वाटेत एकदाच म्हणाला, "बटईत तू डुबलीस, गोदे." पण म्हणताना त्याचा हात माझ्या डोक्यावर होता.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या वेळी, शेवंतराव खुराड्यावर चढला आणि त्यानं आपली बांग दिली, घक् सकट. मी जागी होते. गोठ्यात चरवी वाजली. आत्या अंगणातून ओरडली, "गोदे, ऊठ वं, कोंबडा आरवला!" मी डोळे घट्ट मिटून गोधडीत पडून राहिले. तिकडं अक्कानंही अजून उघडले नसतील.